ढालकिडा सरासरी खात नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडचा एक एमएस्सी झूलॉजीचा विद्यार्थी कपाशीवरचा मावा (पानांचा रस ओढणारी बारकी कीड) आणि त्याला खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) यांचं मॉडेल एक्सेलमध्ये करून राहिला. शिकार आणि शिकारी यांचे आकडे कसे वर-खाली होतात हे सांगणारी लोटका-व्होल्टेराची समीकरणं टाकली तर मावा कधी कोटीत जातो, कधी मायनसमध्ये. त्याचे सर म्हणतात की एक किडा कसा शोधतो, कसा खातो इथून सुरू कर आणि लोकसंख्येपर्यंत ये. तर हे करायचं कसं, आणि नाही जमलं तर ताडोबाचे वाघ-चितळ घ्यायचे का?

अरे राजा, पहिले ते मायनसचं मिटवू, कारण त्याचा किड्याशी काही संबंध नाही. तू एका ओळीत एक दिवस पकडला असशील. समज मावा हजार आणि त्या दिवशीच्या ढालकिड्यांच्या हिशोबानं रोज १२० टक्के मावा मरतो, तर एक्सेल इमानदारीनं मायनस दोनशे लिहून देणार, त्याला काय माहीत की नसलेला मावा खाता येत नाही. पायरी एका तासाची कर, किंवा मरणारे वजा करण्याऐवजी उरणारे गुण, म्हणजे मावा गुणिले ई चा उणे १.२ घात, साधारण ३०० उरतात. झालं. मायनस गेलं. पण कोटीत जाणारा मावा यानं थांबणार नाही, तो दोष समीकरणाच्या आतच बसला आहे.

लोटकाचं पुस्तक १९२५ चं, व्होल्टेराचा लेख १९२६ चा. व्होल्टेरा मोठा गणिती, त्याचा जावई डि'अँकोना मासळीबाजाराचे आकडे घेऊन बसलेला, पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली तर बाजारात येणाऱ्या मालात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं ते का, हा सवाल. त्यासाठी ते समीकरण झकास. पण त्यात शिकारी म्हणजे हवेतला रेणू आहे, आदळला की खाल्लं. मावा दुप्पट तर खाणं दुप्पट, दहापट तर दहापट. पोट नाही, झोप नाही, खायला वेळ लागत नाही. तुझ्या सरांचं म्हणणं एवढंच आहे की त्या रेणूला पाय आणि पोट दे.

आता हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, आपल्याकडं कापूस वेचणी पाहा. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाल्यावरची पहिली वेचणी, बोंडं तुरळक फुटलेली, बाई एका बोंडावरून दुसऱ्याकडं जाण्यातच दिवस घालवते, ओटी भरता भरत नाही. दुसऱ्या वेचणीला सारं शेत पांढरं, शोधायला वेळच लागत नाही, पण म्हणून वजन दहापट होते का? नाही होत. कारण बोंड धरणं, कापूस ओढणं, ओटीत टाकणं याला जो वेळ लागतो तो लागतोच, हात त्याच्यापेक्षा जोरात चालत नाहीत. किलोमागे मजुरी असते म्हणून हे प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे, फक्त तिनं त्याचं समीकरण लिहिलं नाही.

ते १९५९ मध्ये हॉलिंग नावाच्या कॅनडातल्या माणसानं लिहिलं. तीन फूट चौरस टेबल, त्यावर सँडपेपरच्या गोल चकत्या टोचलेल्या, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली एक सहायक बोटानं टेबल ठोकत ठोकत चकत्या शोधायची, सापडली की उचलून बाजूला ठेवायची, एक मिनिट. चकत्या वाढवत गेलं तर उचललेल्यांचा आकडा आधी भराभर वाढला, मग आडवा झाला. तू घरी घोंगडीवर चिंचोके पसरून पुतण्याच्या डोळ्याला रुमाल बांध, अर्ध्या तासात तीच वक्ररेषा निघते, मी करून पाहिलं आहे.

गणित इतकं सोपं आहे की लाज वाटते. एकूण वेळ म्हणजे शोधायचा वेळ अधिक खायचा वेळ. सापडलेले म्हणजे शोधायचा वेग गुणिले दाटी गुणिले शोधायचा वेळ. यातून शोधायचा वेळ काढून टाकला की उरते:

दर मिनिटाला खाल्ले = (अ × न) ÷ (१ + अ × ह × न)

अ म्हणजे मिनिटाला किती जागा धुंडाळतो, ह म्हणजे एक मावा खायला लागणारी मिनिटं, न म्हणजे एका पानावर किती मावा. याला फंक्शनल रिस्पॉन्स म्हणतात आणि हा दुसऱ्या प्रकारचा. एका किड्याचं वागणं आणि शेताची लोकसंख्या यांच्यात जो पूल आहे तो हाच, बाकी सगळं त्याची डागडुजी.

आकडे टाकून दाखवतो, आकडे समजावायला घेतलेत, मोजलेले नाहीत. धर, किडा मिनिटाला अर्धं पान तपासतो आणि एक मावा संपवायला २ मिनिटं लागतात. पानावर १ मावा असेल तर तासाला १५ खाईल. २ असतील तर २०. ४ असतील तर २४. २० असतील तर २८.६, आणि कितीही ओतला तरी ३० च्या वर जाणं नाही. लोटका-व्होल्टेरात हाच किडा २० च्या दाटीला तासाला ६०० खाऊन बसतो.

आता इथं बहुतेक पोरं थांबतात, हे सूत्र समीकरणात टाकतात आणि प्रबंध बांधायला देतात. मीही तेच केलं होतं, आणि त्यात माझी जी फजिती झाली ती सांगतो.

नवीन नवीन नोकरी, काकांचं हिंगणघाटकडं शेत. मी पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतली उथळ ताटली) अ आणि ह काढले, शेतात पानं मोजली, तीच आपली पद्धत, झाडाचं वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं, सरासरी काढली, ढालकिडे मोजले आणि काकांना छातीठोक सांगितलं की फवारू नका, आठ दिवसांत किडे मावा साफ करतात. आठ दिवसांनी पानांवर माव्यानं सोडलेला चिकटा चमकून राहिला होता. काका काही रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुया कागदानं खाल्ला काय रे मावा?"

चूक गणिताची नव्हती, सरासरीची होती. मावा शेतात पसरलेला नसतो, ढिगानं असतो. मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते, पिल्लं आईच्या शेजारीच रस ओढत बसतात, गरमीत आठवड्याभरात तीही आया होतात. म्हणून एका पानाखाली पोळं आणि शेजारची नऊ पानं कोरी. वरचेच आकडे घे. दहा पानांवर एकूण २० मावा, सरासरी २. सारखा पसरला असता तर किडा तासाला २० खाल्ला असता. पण सगळे वीसच्या वीस एकाच पानावर आहेत आणि किडा प्रत्येक पानाला सारखाच वेळ देतो, तर त्याच्या वेळेचा दहावा हिस्साच कामाचा, म्हणजे २८.६ चा दहावा भाग, तासाला ३ सुद्धा नाही. सरासरी तीच, किडा तोच, खाणं सातपट कमी. वक्ररेषा वाकलेली असली की सरासरीवरचं उत्तर आणि उत्तरांची सरासरी एक नसते, हे बारावीच्या पोराला कळते, पण शेतात उतरल्यावर आपण विसरतो.

पण थांब, किडा इतका बावळट नाही, आणि खरी मजा इथंच आहे. उपाशी ढालकिडा, किंवा त्याची अळी, सरळ रेषेत भराभर चालते, पानाच्या शिरेवरून, कडेवरून. एक मावा तोंडाला लागला की चाल बदलते, वेग कमी, वळणं जास्त, त्याच जागी गोल गोल फिरते. जिथं एक आहे तिथं आणखी असणार, हे तिच्या पायातच लिहिलं आहे. थोडा वेळ काहीच सापडलं नाही की पुन्हा सरळ. वेचणारी बाई पण दाट झाडापाशी पाय रोवते आणि खुरटं झाड चालता चालता उरकते, तसंच. आता या सवयीमुळं किड्यानं अर्धा वेळ भरलेल्या पानावर काढला, तर तासाला १४ खाईल. म्हणजे एकाच शेतात, एकाच सरासरीला, २०, ३ आणि १४ अशी तीन उत्तरं, आणि कोणतं खरं ते फक्त किडा कसा चालतो यावरून ठरते. तुझे सर याच्यासाठीच मागं लागलेत.

किती वेळ थांबून पान सोडायचं याचं आदर्श उत्तर चार्नॉव्हनं १९७६ मध्ये दिलं. चालू पानावरची कमाई जेव्हा अख्ख्या शेतातल्या सरासरी कमाईइतकी खाली येते तेव्हा निघायचं, प्रवासाचा वेळ धरून. सिद्धांत देखणा आहे, पण किड्याच्या डोक्यात अख्ख्या शेताची सरासरी नसते. मी मॉडेलमध्ये साधा नियम टाकतो, शेवटचा मावा सापडल्यापासून इतकी सेकंदं गेली की निघ. त्या सेकंदांचा आकडा स्वतः मोज, पुस्तकातून उचलू नको, कारण उपाशी आणि धालेल्या किड्यात तो वेगळा येतो.

मोजायचं कसं तर मोबाईलचा व्हॉइस रेकॉर्डर सुरू करायचा, एका किड्यामागं अर्धा तास राहायचं आणि बोलत राहायचं, चालला, थांबला, धरला, सोडला, पान बदललं, मुंगळ्यानं हाकलला. रात्री ऐकून वेळ लिहायचे. सकाळचे चाळीस किडे आणि दुपारचे चाळीस, वेगवेगळे ठेव, आपल्याकडच्या दुपारी माणूस फिरत नाही तिथं किडा काय फिरणार. मुंगळ्यांची नोंद सोडू नको. चिकट्यासाठी ते माव्याची राखण करतात, आणि मुंगळे असलेल्या पोळ्यावर तुझा ह आणि अ दोन्ही बदलून जातात. अळीच्या अवस्था वेगळ्या लिही. पहिल्या अवस्थेतली अळी एका माव्याला कितीतरी वेळ चोखत बसते आणि चौथीतली अळी त्यांना चण्यासारखी खाते, दोघींना एकच ह लावला की झालं कल्याण.

पेट्री डिश करायचीच असेल तर दोन गोष्टी. एक, डिशमध्ये २० मावा टाकून चोवीस तासांनी पाहिलं आणि १९ गेलेले असले तर त्या आकड्यात काही नाही, कारण दाटी दिवसभर कमी कमी होत गेली आणि वरचं सूत्र दाटी कायम धरते. त्यासाठी रॉजर्सचं १९७२ चं समीकरण वापर, किंवा दोन-तीन तासांतच मोज. दोन, किती खाल्ले याची रेषा काढून प्रकार ओळखू नको, डोळा फसतो. टाकलेल्यांपैकी किती टक्के खाल्ले ते काढ. दाटी वाढताना टक्का पहिल्यापासून उतरत असेल तर दुसरा प्रकार, आधी चढून मग उतरत असेल तर तिसरा.

तिसऱ्या प्रकारासाठी हरभरा पाहा. घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो, कोतवाल येऊन बसतो. अळ्या अगदी कमी असतात तोवर त्याचं लक्ष दुसऱ्याच किड्यांवर, वाढल्या की डोळा बसतो आणि मग तो त्याच टिपतो. लूक टिनबर्खेन नावाच्या डच माणसाचं चिमण्यांएवढ्या पक्ष्यांवरचं काम १९६० मध्ये छापलं गेलं, डोळ्यात शिकारीची आकृती बसण्याची कल्पना तिथली. यात थोडक्या अळ्यांना सूट मिळते, त्यामुळं मॉडेल शांत राहते. दुसऱ्या प्रकारात उलटं आहे, शिकार वाढली की प्रत्येकीचा धोका कमी होतो, म्हणून तो प्रकार गाडी हेलकावे खायला लावतो.

त्यावरून एक विषय. रोझेनझ्वाइग आणि मॅकआर्थर यांनी १९६३ मध्ये शिकारीला जागेची मर्यादा आणि शिकाऱ्याला भरणारं पोट देऊन मॉडेल केलं, आणि १९७१ मध्ये रोझेनझ्वाइगनं दाखवलं की त्यात शिकारीचं खाद्य वाढवत नेलं तर शिकारी सुखी होत नाही, दोघांचे आकडे झोके घेत घेत शून्याला टेकायला लागतात. आपल्या भाषेत युरिया मारला, कपाशी लुसलुशीत झाली, मावा फुगला. खरं शेत मात्र बंद डबा नाही, किडे धुऱ्यावरच्या चवळीवरून, शेजारच्या ज्वारीतून ये-जा करतात, म्हणून हा निकाल शेतावर जसाच्या तसा लादू नको. तुझा कोटीतला मावा पण इथंच अडेल, माव्याच्या वाढीला झाडाची मर्यादा टाक, पान चिकट्यानं काळं पडलं की पंखवाले मावे निघून जातात तेही.

आता खाल्लेल्याचं पुढं काय. पोरं सरळ लिहितात, इतका मावा खाल्ला म्हणजे इतकी अंडी. नाही. पहिले काही मावे स्वतः जगायला जातात, त्यावरचे अंड्याला. म्हणजे एका मर्यादेखाली अंडी शून्य, आणि मादी तिथं थांबतच नाही, उडून जाते. पिवळी उभी अंडी ती पोळ्याजवळ पुंजक्यानं घालते, पण जिथं आधी अळ्या फिरून गेल्या तिथं बऱ्याच जातींच्या माद्या टाळतात, कारण मोठ्या अळ्या दुसऱ्याची अंडी खातात. आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. अंड्यापासून ढालकिडा व्हायला दोन-तीन आठवडे, माव्याची पिढी आठवड्याची. ढालकिड्याची पिल्लं मोठी होईस्तोवर जेवण उठून गेलेलं असते. मावा-ढालकिड्यांचा अभ्यासक डिक्सन, त्यानं हेच मांडलं की पिढी लांब असलेला शिकारी माव्याला ताब्यात ठेवू शकत नाही. उलट ज्या ढालकिड्याची पिढी त्याच्या शिकारीइतकीच जलद, तो जिंकतो. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या व्हेडालिया ढालकिड्यानं संत्रा-लिंबाच्या बागांतली खवलेकीड वर्ष-दीड वर्षात आटोक्यात आणली, ती याच हिशोबात बसते. माझ्या काकांचा मावा का नाही गेला याचं अर्धं उत्तर पण हेच.

मग बांधायचं कसं. नेटलोगो हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी माध्यमाच्या पोरालाही आठ दिवसांत येते. त्यातलं लांडगा-मेंढीचं तयार मॉडेल आधी चालवून पाहा, गवत बंद ठेवलं तर बहुतेक वेळा सगळे मरतात किंवा मेंढ्या फुटून निघतात, गवत सुरू केलं की टिकतात. मग तुझं. पन्नास बाय पन्नास झाडं. मावा एकेक बनवू नको, कॉम्प्युटर बसेल, प्रत्येक झाडावर फक्त आकडा ठेव. ढालकिडा मात्र एकेक, त्याला जागा, पोट, वय, आणि शेवटचा मावा कधी सापडला ते.

आणि जन्म-मरण लगेच सुरू करू नको, ही माझी सगळ्यात कामाची सूचना समज. पहिले फक्त एक दिवसाचं चालव, मावा वेगवेगळ्या दाटीनं आणि वेगवेगळ्या ढिगानं टाकून, किडे कधी पाच कधी पाचशे, आणि दर किडा किती खातो ते लिहून ठेव. जी वक्ररेषा येईल ती तुझ्या शेताची खरी, पेट्री डिशची नाही. किडे वाढले की दर किडा खाणं घटते का तेही दिसेल, घटत असेल तर बेडिंग्टन आणि डीअँजेलिस यांचं १९७५ चं सूत्र बसव. ती रेषा समीकरणात टाकून महिन्याभराचा अंदाज काढ, मग जन्म-मरणासह पूर्ण सिम्युलेशन चालव आणि दोन्ही शेजारी ठेव. जुळलं तर समीकरण वापर, जलद आहे. नाही जुळलं तर जिथून फाटलं तो दिवस शोध, प्रबंधाचं अर्धं प्रकरण तिथंच निघते. प्रत्येक सेटिंग किमान पन्नास वेळा चालव, एका रनवर भरोसा म्हणजे एका पावसावर पेरणी.

शेताशी ताडून पाहताना एकूण मावा जुळला म्हणून नाचू नको, तो चुकीच्या कारणानंही जुळतो. किती टक्के झाडं कोरी, पोळी केवढी, किडे कोऱ्या झाडांवर किती दिसतात, हे तीन आकडे एकदम जुळले तर खरं.

जागेचा खेळ किती मोठा आहे यावर संत्र्याची गोष्ट ऐक, आपल्या नागपूरची नाही, अमेरिकेची. हफेकरनं १९५८ मध्ये ट्रेमध्ये संत्री मांडून त्यांवर पानकोळी (माइट) आणि त्यांना खाणारे कोळी सोडले. साधी मांडणी केली की खाणारे सगळ्यांना संपवायचे आणि मग स्वतः उपाशी मरायचे. मग त्यानं २५२ संत्री घेतली, मधे व्हॅसलिनचे बांध घातले, बारक्या काड्या उभ्या केल्या, तिथून खाल्ले जाणारे कोळी धाग्यावर तरंगत पंख्याच्या हवेनं दुसरीकडं जायचे, आणि तीन लाटा पाहायला मिळाल्या. जीव तेच, फक्त पळायला वाट दिली. तुझ्या नेटलोगोच्या शेतात झाडं एकमेकांना चिकटून असतील तर तुला पहिलाच निकाल येणार, ओळींमधलं अंतर खरं ठेव.

वाघाचं म्हणशील तर, ताडोबा जवळ आहे म्हणून इकडं सगळ्यांना वाघच मॉडेल करायचा असतो. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं मारतो, एक चितळ-सांबर त्याला काही दिवस पुरते, म्हणजे त्याचा ह दिवसांत मोजायचा आणि तो बहुतेक वेळ पोट भरून पडलेला. वाघांचे अभ्यासक उल्लास कारंथ यांच्या कामावरून धरतात की उपलब्ध खाद्यातला दहावा हिस्सा वर्षाला जातो, म्हणजे एका वाघामागं पाचशेच्या आसपास जनावरं लागतात. पण जागेवर वाघ किती हे हद्द ठरवते, वाघीण आपल्या हद्दीत दुसरी येऊ देत नाही, आणि गावाकडची गुरंढोरं, रोही, रानडुक्कर हिशोबात घेतल्याशिवाय काही खरं नाही. शिवाय एका वाघामागं अर्धा तास रेकॉर्डर घेऊन फिरायची परवानगी तुला कोण देणार बाप्पा. ढालकिडाच बरा.

कपाशीचा पहिला मावा हातचा गेला असेल तर वर्ष वाया नाही. थंडीत करडई शोध, आपल्याकडं आता कमी झाली पण कोणाच्या तरी धुऱ्यावर एक-दोन ओळी असतातच, डिसेंबर-जानेवारीत तिच्यावर काळा मावा लदलेला असतो आणि ढालकिडेही तिथंच सापडतात. झाड उभं आणि मोकळं, किडा नजरेतून सुटत नाही, अर्ध्या तासाची नोंद कपाशीपेक्षा सोपी जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट घालून जा, फुलावर आलेल्या करडईचे काटे हात सोलून काढतात.